बॉनव्हिल सरोवर आणि वॉसॅचच्या हिमनद्या : प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४

आजच्या बैठकीत प्रकल्पाचा प्रश्न एका वाक्यात निश्चित झाला : अमेरिकेच्या युटा राज्यातील वॉसॅच पर्वतरांगेत सुमारे १८ हजार वर्षांपूर्वी हवा आजच्यापेक्षा किती अंशांनी थंड होती आणि तेथे पाऊस व बर्फ मिळून आजच्या किती पट पडत होते. त्या काळी या डोंगरांच्या पश्चिम पायथ्याशी बॉनव्हिल नावाचे विशाल सरोवर होते, ते आता ओसरले आहे. त्या काळाचे दोन साक्षीदार जागेवर आहेत. लिटल कॉटनवुड घळीच्या तोंडाशी हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे ढिगारे, म्हणजे हिमोढ, हा पहिला, आणि त्याच डोंगरांच्या उतारांवर कोरल्या गेलेल्या बॉनव्हिल सरोवराच्या जुन्या किनाररेषा हा दुसरा. सॉल्ट लेक सिटीच्या कोणत्याही मोकळ्या रस्त्यावरून पूर्वेकडे पाहिले, तर डोंगराच्या अंगावर आडव्या आखलेल्या या रेषा उघड्या डोळ्यांनी दिसतात.

यातला एकेक साक्षीदार अपुरा आहे. हिमनदी खाली उतरली याचा अर्थ उन्हाळे थंड होते असा होऊ शकतो, किंवा हिवाळ्यात बर्फ भरपूर पडत होते असाही होऊ शकतो. सरोवर फुगले याचा अर्थ पाऊस वाढला असा होऊ शकतो, किंवा थंडीमुळे बाष्पीभवन घटले एवढाच होऊ शकतो. दोन्ही साक्षी एकाच काळाच्या असतील, तर मात्र तापमान आणि पर्जन्य यांच्या ज्या जोडीने हिमनदीही टिकते आणि सरोवरही भरलेले राहते, तीच जोडी शोधायची आहे. पुढचे सगळे काम या ‘असतील तर’वर अवलंबून राहील.

११ मार्च २०२४

हिमनदीच्या बाजूची पहिली आकडेमोड केली. हिमनदीवर ज्या उंचीला वर्षभरात साठणारे आणि वितळणारे बर्फ सारखे होते, ती संतुलन रेषा. ओमुरा आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये जगभरातील ७० हिमनद्यांच्या नोंदींवरून या रेषेवरचे वार्षिक पर्जन्य आणि उन्हाळ्यातील सरासरी तापमान यांचे सूत्र मांडले : तापमान २ अंश असेल तर हिमनदी टिकायला वर्षाला सुमारे १,२७० मिलिमीटर पाणी लागते, ३ अंश असेल तर सुमारे १,६१० मिलिमीटर. म्हणजे उन्हाळा एका अंशाने उबदार धरला, की त्याची भरपाई करायला सुमारे ३४० मिलिमीटर जादा पाणी बर्फाच्या रूपात पडले पाहिजे, म्हणजे जवळपास पाव हिस्सा अधिक.

हे सूत्र ढोबळ आहे आणि त्यातले तापमान हिमनदीच्या पृष्ठभागाजवळचे नसून मोकळ्या हवेचे आहे, त्यामुळे वॉसॅचसाठी अंतिम आकडा त्यावरून काढायचा नाही. सविस्तर प्रारूपात दर महिन्याचे तापमान, सूर्यप्रकाश, उताराची दिशा आणि घळीच्या भिंतींची सावली हे सगळे धरले जाणार आहे. तरीही या सूत्राने एक गोष्ट लख्ख होते. तापमान आडव्या आणि पर्जन्य उभ्या अक्षावर घेतले, तर हिमनदीची रेषा चांगलीच चढी असते.

२२ मार्च २०२४

आता सरोवराची बाजू. बॉनव्हिलचे खोरे बंदिस्त आहे. आपल्या लोणारप्रमाणे येथूनही आज पाण्याला बाहेर वाट नाही, आलेले पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. अशा सरोवराची पातळी स्थिर असेल, तर हिशेब साधा आहे : सरोवराच्या पृष्ठभागावरून पडलेल्या पावसापेक्षा जेवढे जादा पाणी उडाले, तेवढेच पाणलोट क्षेत्रातून वाहून आले असले पाहिजे.

सर्वांत मोठे असताना बॉनव्हिलचा पसारा सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटर होता आणि खोऱ्याचे एकूण क्षेत्र ढोबळमानाने १ लाख ४० हजार चौरस किलोमीटर धरता येते, म्हणजे जमीन उरते सुमारे ८९ हजार. तपासणीपुरते असे मानले की सरोवरावर वर्षाला ३५ सेंटिमीटर पाऊस पडतो आणि १ मीटर पाणी उडते, तर तूट भरून काढायला वर्षाला सुमारे ३३ घनकिलोमीटर पाणी यायला हवे. जमिनीवर पसरून पाहिल्यास ही ३७ सेंटिमीटर जाडीची चादर झाली. आता पाऊस तोच ठेवून थंडीमुळे बाष्पीभवन ७० सेंटिमीटरवर आले असे धरले, तर हीच गरज १८ घनकिलोमीटर, म्हणजे २० सेंटिमीटरवर येते. सरोवर तेच, किनारा तोच, आणि लागणारा प्रवाह जवळजवळ निम्मा.

हे आकडे मानलेले आहेत, मोजलेले नाहीत. पण त्यांतून सरोवराच्या रेषेचा कल समजतो. ती हिमनदीच्या रेषेच्याच दिशेने कललेली आहे, कारण थंडी वाढली की दोघांनाही कमी पाणी पुरते. ‘हिमनदी तापमान सांगते, सरोवर पाऊस सांगते’ अशी सोयीची विभागणी लोकप्रिय लेखनात आढळते, ती म्हणूनच मला पटत नाही. दोघेही दोन्हींचे मिश्रण सांगतात. पद्धत चालते ती केवळ दोन रेषांचा चढ वेगवेगळा असल्यामुळे. एका अंशामागे हिमनदीची पाण्याची गरज पाव हिश्श्याने बदलते, तर बाष्पीभवन तेवढ्याने थोडेच हलते. चढ सारखे असते, तर रेषा एकमेकींना घासून गेल्या असत्या आणि छेदनबिंदूऐवजी एक लांबलचक डाग मिळाला असता.

२ एप्रिल २०२४

भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांचा १८९० चा बॉनव्हिलवरील प्रबंध पुन्हा चाळला. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या प्रबंधमालेतील हा पहिला ग्रंथ आहे. रेडिओकार्बन नाही, विमानातून घेतलेली छायाचित्रे नाहीत, आणि तरीही हिमोढ व किनाऱ्यावरचा गाळ यांचा परस्परसंबंध पाहून हिमनद्यांचा आणि सरोवराचा बहर एकाच हवामानाने आणला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढलेला आहे. आमच्या प्रकल्पाचा गाभा तोच आहे. फक्त ‘एकाच काळी’ या शब्दांना आता वर्षांचे आकडे जोडायचे आहेत.

३० एप्रिल २०२४

सरोवराचे क्षेत्रफळ आणि घनफळ काढण्यासाठी भूरूपाचा अंकीय नकाशा घेतला. आजच्या नकाशावर १,५५२ मीटरची समोच्च रेषा काढली की बॉनव्हिलचा किनारा मिळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. तीनशे मीटरहून खोल पाण्याच्या भाराने खोऱ्याच्या मध्यभागातील भूकवच खाली दबले होते आणि पाणी ओसरल्यावर ते पुन्हा वर उचलले गेले. त्यामुळे एकेकाळी सपाट असलेल्या पाण्याने कोरलेली ही रेषा आज सपाट उरलेली नाही : खोऱ्याच्या कडेला ती १,५५२ मीटरच्या आसपास आहे, तर मध्यभागी ज्या डोंगरांची त्या वेळी बेटे झाली होती, त्यांच्यावर तीच रेषा साठ-सत्तर मीटर अधिक उंचीवर सापडते. हेही गिल्बर्ट यांनीच प्रथम मोजले होते.

म्हणून नकाशा आधी ‘पुन्हा दाबून’ घ्यावा लागला. ठिकठिकाणच्या किनाऱ्याची मोजलेली उंची घेऊन विरूपणाचा एक गुळगुळीत पृष्ठभाग तयार केला, तो आजच्या भूरूपातून वजा केला आणि मगच पाणी भरले. क्षेत्रफळात फरक थोडा पडतो, घनफळात बराच पडतो. हवामान बदलल्यावर सरोवराची पातळी बदलायला किती काळ लागतो, म्हणजे त्याचा प्रतिसादकाळ, काढायला घनफळ पुढे लागणार असल्याने ही खटपट वाया जाणारी नाही.

१८ जून २०२४

लिटल कॉटनवुडच्या तोंडाशी क्षेत्रकार्य सुरू झाले. ही घळ सॉल्ट लेक सिटीच्या पिण्याच्या पाण्याच्या राखीव पाणलोटात येते. येथे कुत्रा आणायलाही बंदी आहे, त्यामुळे दगडाचा नमुना काढण्यापूर्वी रीतसर परवानगी घ्यावी लागली.

हिमनदी येथून केव्हा हटली हे शिळांतल्या बेरिलियम-१० या अणूंवरून काढता येते. असे वय काढायचे तर हिमोढाच्या माथ्यावर पक्की बसलेली, मोठी, गारगोटीयुक्त शिळा हवी. अशा शिळा येथे भरपूर असायला हव्यात, कारण घळीतला खडक क्वार्ट्झ मॉन्झोनाइट आहे. अडचण अशी की याच शिळांवर १९ व्या शतकातील पाथरवटांचीही नजर होती. १८५३ ते १८९३ या काळात बांधलेल्या सॉल्ट लेक मंदिराचा दगड याच घळीतून गेला, आणि त्यासाठी अखंड कडा फोडण्यापेक्षा हिमनदीने आयत्या आणून ठेवलेल्या शिळा चिरणे सोयीचे होते. आज एका शिळेच्या सपाट अंगावर बोटभर रुंदीच्या अर्धगोल खाचा एका ओळीत, वीतभर अंतराने दिसल्या : पाचर ठोकण्यासाठी पाडलेल्या छिद्रांचा हा अर्धा भाग, उरलेला अर्धा शहरात कुठल्यातरी भिंतीत असणार. ते अंग सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी प्रथमच उघडे पडलेले असल्याने तेथून घेतलेला नमुना हिमयुगाबद्दल काहीच सांगणार नाही. यादीतल्या प्रत्येक शिळेभोवती फिरून अशा खाचा शोधणे हा आता कामाचा पहिला टप्पा ठरवला आहे.

२० जून २०२४

नमुने घेतले. पद्धत नोंदवून ठेवतो. शिळेच्या माथ्याचा सर्वांत वरचा, सपाट, पापुद्रे न सुटलेला भाग निवडायचा. छिन्नी-हातोड्याने वरचे दोन-तीन सेंटिमीटर तेवढेच काढायचे. जीपीएसने उंची, होकायंत्र आणि क्लिनोमीटरने क्षितिजावरच्या डोंगरकड्यांचे कोन आणि मोजपट्टीने शिळेची जमिनीपासूनची उंची घ्यायची. अवकाशातून येणारे वैश्विक किरण खडकातल्या गारगोटीवर आदळले की तिच्यातील ऑक्सिजनच्या अणुकेंद्राचे तुकडे होऊन बेरिलियम-१० तयार होते. समुद्रसपाटीला, उच्च अक्षांशांवर, एका ग्रॅम गारगोटीत वर्षाला असे सुमारे चारच अणू तयार होतात. आम्ही १,७०० मीटरच्या आसपास होतो. तेथे हवेचे आवरण विरळ असल्याने हा दर साडेतीन पटींहून अधिक होतो. १७ हजार वर्षे उघड्या पडलेल्या शिळेत मग ग्रॅमला अडीच लाखांच्या आसपास अणू सापडायला हवेत. आकडा मोठा भासतो, पण हे अणू मोजायला कणत्वरक लागतो, आणि त्यासाठी आधी हायड्रोफ्लुओरिक आम्लात पुन्हा पुन्हा धुऊन निव्वळ गारगोटी उरवावी लागते.

शिळेची उंची का मोजायची, हे नव्याने आलेल्या विद्यार्थ्याने विचारले. उत्तर हिशेबासकट लिहून ठेवतो. शिळेवर दरवर्षी चार महिने एक मीटर बर्फ साठते आणि त्याची घनता पाण्याच्या ०.३ पट आहे असे धरले, तर तेवढे दिवस किरणांचा सुमारे १७ टक्के भाग बर्फातच अडतो. वर्षाच्या सरासरीत ही घट सहा टक्क्यांच्या जवळ जाते. सहा टक्के म्हणजे १७ हजार वर्षांत हजार वर्षे. हिमनदी सरोवराचा काठ फुटून पाणी उतरण्याआधी मागे हटली की नंतर, हा प्रश्न नेमका हजार-दोन हजार वर्षांच्या फरकाचा आहे. माणसाच्या उंचीपेक्षा उंच शिळेच्या माथ्यावरचे बर्फ वारा उडवून नेतो, म्हणून ती पसंत करायची. गुडघ्याएवढी शिळा कितीही देखणी असली तरी सोडून द्यायची.

९ जुलै २०२४

हिमोढ वॉसॅच भ्रंशाने, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी भूकवचात पडलेल्या भेगेने, चिरलेला आहे, आणि शेजारच्या बेल्स घळीच्या तोंडाशीही तेच दिसते. हिमनदीचे टोक भ्रंशाच्या खचलेल्या बाजूला येत असल्याने ते नंतरच्या भूकंपांमुळे आणखी खाली गेले आहे. प्रारूपात ही उंची दुरुस्त करून घातली. तसे न करता काढलेले तापमान उगाच थोडे अधिक थंड आले असते. भ्रंशाने तयार झालेल्या याच कड्यांकडे बोट दाखवून गिल्बर्ट यांनी १८८३ मध्ये सॉल्ट लेकच्या वृत्तपत्रातून शहराला भूकंपाचा इशारा दिला होता.

२६ जुलै २०२४

आजची चर्चा लांबली, आणि ती लांबायलाच हवी होती. सरोवराच्या रेषेवर आम्ही बॉनव्हिल किनाऱ्याचे क्षेत्रफळ घालत आहोत. पण तो किनारा हवामानाने ठरवलेला आहे का?

बॉनव्हिल चढत चढत १,५५२ मीटरला पोहोचले तेव्हा उत्तरेला, आजच्या आयडाहो राज्यातील रेड रॉक खिंडीजवळ, खोऱ्याच्या काठावरून पाणी बाहेर पडू लागले. सुमारे १८ हजार वर्षांपूर्वी तेथला भुसभुशीत गाळाचा अडसर वाहून गेला, पातळी शंभर मीटरहून अधिक खाली आली, आणि सुमारे ५ हजार घनकिलोमीटर पाणी स्नेक नदीच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे गेले. कमाल विसर्ग सेकंदाला दहा लाख घनमीटरच्या घरात होता असा अंदाज आहे. पातळी खालच्या टणक थरावर येऊन थांबली, आणि तेथे ‘प्रोव्हो’ ही दुसरी ठळक किनाररेषा सुमारे १,४४४ मीटरवर कोरली गेली. तीही सांडव्याचीच रेषा आहे.

गावाकडच्या पाझर तलावाचा सांडवा सुरू झाला की पाणी मोजण्याच्या पट्टीवरचा आकडा जवळजवळ तिथेच थांबतो. त्यानंतर चार इंच पाऊस झाला की चौदा इंच, हे त्या पट्टीवरून सांगता येत नाही. बॉनव्हिलच्या दोन्ही सर्वांत देखण्या किनाररेषा याच जातीच्या आहेत. त्या ‘एवढे तरी पाणी होतेच’ असे सांगतात, ‘एवढेच होते’ असे सांगत नाहीत. शिवाय १८ हजार वर्षांपूर्वी पातळी झपाट्याने उतरली ती अडसर फुटल्यामुळे, हवा कोरडी झाल्यामुळे नव्हे. जुन्या लेखनात या उताराला हवामानबदलाची खूण मानण्याचा मोह कुठे कुठे दिसतो.

मग आलेखाचा अर्थ बदलतो. सरोवराची रेषा आता रेषा न राहता मर्यादा झाली, आणि तिच्या वरचा सगळा भाग शक्य कोटीत आला. त्या भागातून हिमनदीची चढी रेषा जेवढी जाते, तेवढाच तिचा तुकडा ग्राह्य. छेदनबिंदूपासून ती अधिक पर्जन्याकडे, आणि म्हणून अधिक उबदार बाजूकडे जाते. म्हणजे छेदनबिंदू किमान पर्जन्य सांगतो आणि त्याच वेळी कमाल थंडीही सांगतो. त्याहून थंड हवेत हिमनदी ज्या पाण्यावर टिकली असती, तेवढ्यावर हे सरोवर सांडले नसते. एक नेमका आकडा हातचा गेला, पण एक भक्कम सीमा मिळाली. मला हा सौदा तोट्याचा वाटत नाही.

याला आणखी एक उपकलम आहे. बेअर नदी पूर्वी स्नेक नदीच्या खोऱ्याकडे जात असे. लाव्हाच्या प्रवाहांनी वाट अडल्यावर, सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी, ती बॉनव्हिलच्या खोऱ्याकडे वळली. त्याआधीच्या थंड काळांतील लहान सरोवरांशी या सरोवराची तुलना करताना हा फरक हवामानाच्या खात्यावर मांडायचा नाही.

१४ ऑगस्ट २०२४

आजही बॉनव्हिलचा अवशेष असलेल्या ग्रेट सॉल्ट लेकवरून थंड वारे गेले की ते ओलावा उचलतात आणि वॉसॅचवर बर्फ टाकतात. लिटल कॉटनवुड घळीतच वरच्या बाजूला असलेल्या अल्टा येथे हंगामात सरासरी सुमारे १३ मीटर बर्फ पडते. त्यातला सरोवराचा वाटा थोडा आहे, पण आजचे सरोवर बॉनव्हिलच्या दहाव्या हिश्श्याएवढेही नाही. तेव्हा बॉनव्हिलने स्वतःच्या वाऱ्याच्या दिशेला असलेल्या हिमनद्या पोसल्या का?

याचा उत्तम पुरावा वॉसॅचच्या पूर्वेला युंटा पर्वतात आहे. तेथल्या हिमनद्यांची त्या काळची संतुलन रेषा पश्चिम टोकाला सुमारे २,६०० मीटरवर, तर पूर्व टोकाला सुमारे ३,२०० मीटरवर काढली गेली आहे. एवढ्या कमी अंतरात तापमान एवढे बदलू शकत नाही; पश्चिमेला बर्फ जास्त पडत होते हाच सरळ अर्थ. अर्थात पश्चिमेकडून येणारी वादळे पहिल्या रांगांवर अधिक बर्फ टाकतात, हे सरोवराशिवायही होतेच. म्हणून या उताराचे सगळे श्रेय सरोवराला देणे घाईचे ठरेल. आमच्या पद्धतीपुरता धोका असा : हिमनदीची रेषा डोंगरावरचे पर्जन्य मोजते आणि सरोवराची रेषा संपूर्ण खोऱ्याचे, दोन्ही ‘आजच्या किती पट’ या एकाच मापात मांडताना आपण असे गृहीत धरतो की डोंगर आणि मैदान यांतले प्रमाण बदलले नाही. सरोवरजन्य बर्फ धरले, तर ते डोंगराच्या बाजूने झुकलेले असेल. हिमनदीच्या पर्जन्यात ० ते २० टक्के असा भाग ‘स्थानिक’ मानून प्रारूप वेगवेगळ्या प्रकारे चालवायचे ठरले. २० हा आकडा मोजणीतून आलेला नाही, तो परीक्षणापुरता आहे, असे अहवालात स्पष्ट लिहावे लागेल.

३ सप्टेंबर २०२४

काळाचा प्रश्न. जागतिक पातळीवर हिमाच्छादन कमाल होते ते २६,५०० ते १९,००० वर्षांपूर्वी. बॉनव्हिल त्याच्या अखेरीस आपल्या कमाल पातळीला पोहोचले, आणि नेवाडातील लाहोन्टन सरोवर तर आणखी उशिरा, सुमारे १५,५०० वर्षांपूर्वी. उत्तर अमेरिकेवरच्या प्रचंड हिमस्तरामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांचा मार्ग दक्षिणेला सरकला होता, ही कल्पना विसाव्या शतकातील भूवैज्ञानिक अर्न्स्ट अँटेव्हस यांच्या काळापासून मांडली जाते; हिमस्तर आक्रसत गेला तसा तो मार्गही हलला असणार. मात्र कोणत्या खोऱ्याला तो नेमका केव्हा लाभला, यावर अजून एकमत नाही.

यात सरोवराचा स्वतःचा आळसही मोजावा लागतो. बॉनव्हिलचे पाणी अंदाजे १० हजार घनकिलोमीटर. वर्षाला १० घनकिलोमीटर शिल्लक पडली तरी ते भरायला हजार वर्षे लागतील. उलट लिटल कॉटनवुडची हिमनदी जेमतेम वीस किलोमीटर लांबीची आणि तीव्र उताराची. तिचे टोक हवामानामागे काही दशकांत हलते. त्यामुळे एकाच तारखेला हिमनदी चालू हवामान सांगत असते आणि भरत असलेले सरोवर मागच्या काही शतकांचा हिशेब सांगत असते. सांडवा वाहत असतानाचा काळ याला अपवाद आहे, कारण तेव्हा पातळी स्थिर असते. म्हणून प्रोव्हो टप्पा, जो पुरानंतर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वीपर्यंत चालला, आमच्या कामाला सर्वांत सोयीचा आहे.

२७ सप्टेंबर २०२४

गारगोटी शुद्ध झाली असून नमुने कणत्वरकाच्या प्रयोगशाळेकडे गेले. तोवर अहवालातील मुख्य आकृती पूर्वप्रसिद्ध वयांवर आधारून काढायची आहे. वॉसॅच आणि युंटासाठी इतरांनी काढलेली तापमानघट साधारण सहा ते दहा अंशांच्या पट्ट्यात येते. आमच्या आकृतीत हा पट्टा पार्श्वभूमीला फिकट छटेत, हिमनदीची रेषा तिच्या अनिश्चिततेच्या रुंदीसह, आणि सरोवराची मर्यादा वरच्या बाजूला रेघाटून दाखवायची. छेदनबिंदूवर ठिपका ठेवायचा नाही, असे मी आग्रहाने सुचवले आणि ते मान्य झाले. ठिपका छापला की वाचक रेघाटलेला भाग विसरतो आणि पुढच्या लेखात तोच ठिपका ‘मोजलेले तापमान’ म्हणून उद्धृत होतो.

पुढच्या टप्प्यासाठी पूर्व नेवाडातील रूबी पर्वत आणि त्याच्या पायथ्याचे लेक फ्रँकलिन हे हिमयुगातले सरोवर निवडले आहे. तेथे सरोवर लहान होते, म्हणून त्याचा प्रतिसाद जलद असला पाहिजे, आणि हिमोढ त्याच डोंगरावर आहेत. पहिले काम हिवाळ्यात बसल्या जागी होण्यासारखे आहे : लायडार (विमानातून लेसरने जमिनीची उंची मोजण्याची पद्धत) वापरून केलेल्या नकाशावर सर्वोच्च किनाररेषा आणि खोऱ्याच्या काठावरची सर्वांत सखल जागा यांच्या उंचीची तुलना करणे. किनारा सखल जागेच्या खाली राहत असेल, तरच क्षेत्रकार्यासाठी अर्ज करायचा.